निघोज्याची महायुद्धवाली

निघोज्यात बसमधून उतरून ‘शालन येळवंडे कुठं राहती’ म्हणून विचारलंत, तर पारावरचे चार जण डोकं खाजवतील. गावात येळवंड्यांची घरं मोजता येत नाहीत आणि शालन नावाच्या बाया तिघी. पण ‘महायुद्धवाली’ म्हणा, लगेच बोट वर होतं: ते बघा, दाराशी निळा टेम्पो हाय न्हवं, तेच घर.

हे नाव तिला ठेवलं तिच्या नवऱ्यानं, सोपानरावानं. टेम्पो त्याचाच. चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याची भाडी मारायची आणि उरलेल्या वेळात बायकोला टोमणे मारायचे, हे त्याचे दोन धंदे. दुसरा जास्त चालतो.

शालनबाई त्रेचाळीस वर्षांची. अंगानं वाळक्या तुरकाठीसारखी, आवाज मात्र असा, की शेजारच्या वाडीतलं कुत्रं उठून बसावं. दहावी झाल्या झाल्या लग्न झालं आणि पुस्तक सुटलं ते सुटलंच. पोरं मोठी झाली तशी ती शिक्रापूर रस्त्याच्या एका कंपनीत लागली. तिथं मोटारगाडीच्या वायरींची जुडी बनते. माणसाच्या अंगात जशा शिरा, तशा गाडीच्या अंगात ह्या वायरी. सरकत्या पट्ट्यावर मोठाले बोर्ड येतात, बाया उभ्या राहून त्यावर वायरी ओवतात, टोकं कनेक्टरात बसवतात. ढकलायचं, खट्ट आवाज ऐकायचा, ओढून बघायचं. दिवसाला हजारदा. ही बाई अकरा वर्षं ढकलते, ऐकते, ओढते आहे. एका लाइनीवर चाळीस बाया, आणि त्यातल्या निम्म्या हिनंच शिकवलेल्या.

शिकवायची ती, लीडर मात्र दुसराच. आकुर्डीला डिप्लोमा केलेला पोरगा यायचा, दोन महिने हिच्यामागं ‘मावशी हे कसं, मावशी ते कसं’ करत हिंडायचा, तिसऱ्या महिन्यात पिवळी टोपी घालून हिलाच ‘टार्गेट का चुकलं’ म्हणून विचारायचा. असे चार झाले. सध्याचा गणराज. पोरगं गुणाचं, पण बोर्डाची वायर कुठली आणि चहाच्या मशीनची कुठली, हे त्याला अजून धड कळायचं होतं.

मागच्या वर्षी कंपनीनं नोटीस लावली: नवी लाइन येतेय, तिच्यासाठी लीडर आतल्याच बायांमधून घेणार. अट एकच, बारावी पास. पुढच्या दहा जूनपर्यंत निकालाचा कागद द्यायचा. त्यानंतर जागा बाहेरच्यांनी भरणार.

शालनबाईनं नोटीस दोनदा वाचली. पाळी सुटल्यावर घरी न जाता सरळ राजगुरुनगर गाठलं आणि कॉलेजात जाऊन बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म मागितला.

“आता काय कलेक्टर व्हणार?” सोपानराव म्हणाला.

“न्हाई. पिवळी टोपी घालणार.”

“मग माझी घे की. मळकी झाली म्हणजे पिवळीच दिसती.”

विषय निवडताना तिला कुणीतरी सांगितलं, इतिहास घे, गोष्टीचा विषय असतो. तिला वाटलं, गड येतील, लढाया येतील, आपल्याला ठावं आहे सगळं. पुस्तक उघडलं तर युरोप. पान उलटलं, अजून युरोप. वसाहती, महायुद्धं, शीतयुद्ध. पुढं एका पानावर राजगुरूंचं नाव सापडलं तेव्हा तिला एवढं बरं वाटलं, जसा परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटावा. पान दुमडून ठेवलं आणि पुन्हा युरोपात शिरली.

दर रविवारी कॉलेजात विजयश्री मॅडम बाहेरून बसणाऱ्यांना दोन तास शिकवायच्या. वर्गात वीस-बावीस पोरं आणि पहिल्या बाकावर ही. पहिल्या महायुद्धाचा धडा चालला होता. ऑस्ट्रियाचा राजपुत्र साराजेव्हो गावात आला, गाडीत बसून चालला होता, एका पोरानं गोळी घातली, त्यातून युद्ध पेटलं. पोरांनी लिहून घेतलं. शालनबाईनं हात वर केला.

“मॅडम, त्या पोराला गाडी बरोब्बर गावली कशी?”

मॅडम हसल्या. “त्याच दिवशी सकाळी राजपुत्रावर बॉम्ब फेकला होता, तो हुकला. म्हणून रस्ता बदलायचं ठरलं. पण ड्रायव्हर जुन्याच रस्त्याला वळला. चूक कळल्यावर गाडी थांबवली, आणि तो पोरगा नेमका तिथंच उभा होता.”

“ड्रायव्हर का वळला जुन्या रस्त्याला?”

“त्याला बदल कुणी सांगितलाच नव्हता, म्हणतात.”

शालनबाईनं पेन खाली ठेवलं. कारण हे तिला ठावं होतं. सरदारांनी ठरवलं, साहेबांनी माना डोलावल्या, आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग त्यालाच निरोप नाही! मागच्या दिवाळीत कंपनीत लाल वायरीच्या जागी तपकिरी वायर घालायची ठरली. वर बैठक झाली, चहा-बिस्किटं झाली, आणि लाइनीवर कुणी सांगितलं नाही. तीनशे जुड्या भंगारात गेल्या आणि मेमो मिळाला मोनिकाला, जी तिथं उभी राहून मुकाट वायर ओवत होती.

त्या दिवसापासून युरोप तिला परका राहिला नाही.

कंपनीत दहा वाजता दहा मिनिटांचा चहा असतो. शेडच्या मागं बाया डबे उघडून भुईवरच बसतात. तिथं हिची शाळा भरायला लागली. लातूरकडची केसरबाई कपात बिस्कीट बुडवता बुडवता थांबायची.

“काय सांगलालीस बाई! एका गोळीसाठी एवढाले देश भांडले?”

“गोळीसाठी न्हाई गं. आधीपास्नं गट पाडून बसली व्हती. ह्यो माझ्या अंगावर आला तर तू ये, त्यो तुझ्या अंगावर आला तर मी येतो. ग्रामपंचायतीच्या विलेक्शनीवानी. मग एकाचा धक्का लागला, की समदं पॅनेल उठतंय.”

“आन मंग ते शीतयुद्ध म्हंजी?” मोनिकानं विचारलं.

“माझ्या दोन चुलत सासवा हायेत. एका अंगणात दोन चुली. चवदा वर्सं बोलत न्हाईत. एकमेकीला हात बी लावला न्हाई कधी. पर हिनं जात्याला नवा दगड बसवला की तिनं दुसऱ्या दिवशी मिक्सर आणला. हिच्या नातवाला तिच्या नातवानं मारायचं, आन दोघींनी खिडकीतनं बघायचं. त्ये शीतयुद्ध.”

बाया एवढ्या हसल्या, की गणराज बघायला आला. “मावशी, घंटा झाली.”

“झाली व्हय? चला गं. बर्लिन उद्या.”

अभ्यासाची तिची रीत कंपनीचीच. फॉल्ट शोधताना करतात तसं एकाखाली एक पाच वेळा ‘का?’ लिहायचं आणि तळापर्यंत उतरायचं. कॅलेंडरची जुनी पानं उलटी करून तिनं सैपाकघराच्या भिंतीवर लावली. दुपारी चार ते सहा, भाकरीच्या पिठाचे हात पुसत पुसत ती पानांसमोर उभी राहायची. महामंदी का आली, हिटलरला मतं का मिळाली. सोपानराव जेवायला बसला, की समोर मुसोलिनी.

“ह्या भिताडावर लक्ष्मीचा फोटू व्हता,” तो म्हणायचा.

“परीक्षा झाली की लावते. तवर तिला जर्मनीला पाठवलीय.”

पण टोमणे मारता मारता त्याला पाठ व्हायला लागलं. एक दिवस बाजारात आडत्याशी वाद झाला तेव्हा म्हणाला, “पार व्हर्सायचा तह करायला लागलाय ह्यो!” आडत्यानं विचारलं, म्हंजी काय? ह्याला सांगता येईना. घरी येऊन बायकोला गुपचूप विचारलं.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. इतिहासाचा पेपर तिनं तीन तास मान वर न करता लिहिला. बाहेर आली ती उजव्या हाताची बोटं चोळत, आणि तोंडावर असं समाधान, की जणू बोर्डावरची शेवटची क्लिप बसली. विजयश्री मॅडमना म्हणाली, “एकबी प्रश्न सोडला न्हाई.”

एप्रिलमध्ये मॅडमचा फोन आला. शालनबाई तेव्हा अंगणात कुरडया घालत होती.

“शालनताई, बोर्डाचं पत्र आलंय. तुमच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत सही सापडली. तीन ठिकाणी. ओळख दाखवली म्हणून गैरप्रकारात धरलंय. तुम्हाला पुण्याला चौकशीला बोलावलंय.”

“सही? म्या कशाला सही करू?”

आणि बोलता बोलताच तिच्या ध्यानात आलं. कुरडयांचा सोऱ्या तसाच हातात राहिला.

कंपनीत कुठल्याही कागदावर खाडाखोड चालत नाही. व्हाइटनर लाइनीवर आणला तर सरळ गेटाबाहेर. चुकलं तर चुकीवर एक आडवी रेघ, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर काय ते लिहायचं, आणि लगेच त्याच्याशेजारी छोटी सही नि तारीख. म्हणजे उद्या कुणी विचारलं, हे कुणी बदललं, तर माणूस उभा राहिला पाहिजे. सही नसेल तर ते रेकॉर्ड खोटं धरतात. अकरा वर्षं रोजच्या रोज हेच. हाताला वळण पडलं होतं, डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती. तीन तासांत ती तीनदा चुकली होती, आणि तिन्ही वेळा इमानानं सही ठोकून पुढं गेली होती.

“मॅडम, काय करत्यात आता?”

“पेपर रद्द होऊ शकतो. पुढच्या एखाद्या परीक्षेला बसायलाही देत नाहीत.”

दहा जूनचा आकडा तिच्यापुढं उभा राहिला. फोन ठेवून तिनं राहिलेल्या कुरडया घातल्या. चीक वाया घालवायचा नसतो.

गणराजला कळलं तसा तो बिचारा कळवळला. “मावशी, सांगा की मला पेपरावरची सूचना वाचताच आली नाही. अडाणी म्हणून सोडून देतील.”

“बारावीचा पेपर लिवून मी अडाणी?”

“मग सांगा तब्येत ठीक नव्हती.”

“गणराज, फॉल्टचा रिपोर्ट लिवताना तू असंच करतूस. म्हणून तुझं रिपोर्ट मागारी येत्यात.”

पुण्याला निघाली त्या दिवशी सोपानरावानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि न विचारता बरोबर निघाला. बसमध्ये भोसरीच्या पुढं तो एकदम म्हणाला, “रद्द केलं तर केलं. आपल्याकडं टेम्पो हाय.”

“तुझ्या टेम्पोचं मला काय सांगू नगंस,” ती म्हणाली. पण पिशवीतली भाकरी काढून त्याला अर्धी दिली.

चौकशीच्या खोलीत तिघं बसले होते. मधे एक पिकल्या केसांचे निवृत्त मुख्याध्यापक, शेजारी एक चष्म्याच्या बाई आणि लिहून घेणारा कारकून. टेबलावर तिची उत्तरपत्रिका. आधी एक पोरगा रडत बाहेर आला होता. शालनबाई पदर सावरून उभी राहिली.

“ही सही तुमची?”

“व्हय, माझीच.”

“मान्य आहे?”

“माझ्या सहीला मीच न्हाई म्हणले तर मग ती कुणाची?”

चष्म्याच्या बाई म्हणाल्या, “तपासणाऱ्याला कळावं म्हणून केलीत का?”

“बाई, माझी सही बँकेतल्या मानसाला कळंना, दोनदा मागारी पाठवलंय त्यानं. तपासणाऱ्याला काय कळणार?”

कारकून खाली बघून हसला. मग तिनं कंपनीची रीत सांगितली. आडवी रेघ, बाजूला बरोबर, सही, तारीख. तारखासुद्धा होत्याच पेपरात, त्यांनी काढून बघितल्या. मुख्याध्यापकांनी एका पानावर बोट ठेवलं.

“इथं तुम्ही लिहिलंय, ‘युद्धाचा दोष जर्मनीचा होता’. ते खोडून लिहिलंय, ‘युद्धाचा दोष जर्मनीवर ठेवला’. पहिलं वाक्यही चाललं असतं की. का खोडलंत?”

“सर, दोष कुणाचा आन दोष कुणावर ठेवला, ह्या दोन गोष्टी हायेत. आमच्यात लाइन बंद पडली, की पहिला जो उभा असंल त्याला मेमो. त्याच्यावर दोष ठेवला, की सायेब मोकळा. पर मेमो दिल्यानं वायर सुधारती व्हय? दुसऱ्या म्हैन्यात त्योच फॉल्ट पुन्हा येतो. जिंकलेल्यांनी बी तेच केलं. समदं जर्मनीच्या डोक्यावर टाकलं, सह्या केल्या, घरी गेली. ईस वर्सात फॉल्ट पुन्हा आला. पहिल्यापेक्षा मोठा.”

मुख्याध्यापक म्हणाले, “मी तीस वर्षं हा व्हर्सायचा तह शिकवला, बाई.”

“पण नियम नियमच असतो,” चष्म्याच्या बाई म्हणाल्या. “कंपनीची सवय म्हणून आज तुम्ही सांगताय. आम्ही कशावरून खरं मानायचं? जे सांगितलंत ते लेखी द्या.”

कारकुनानं कोरा कागद दिला. शालनबाई बसली आणि लिहू लागली. मी, शालन सोपान येळवंडे, मुक्काम निघोजे, चाकणच्या कंपनीत... पंखा कुरकुरत होता. अर्धं पान झालं, पाऊण झालं. पान भरून तिनं कागद पुढं सरकवला.

चष्म्याच्या बाईंनी वाचायला घेतला आणि मध्येच थांबल्या. कागद त्यांनी मुख्याध्यापकांपुढं धरला. ‘बारा वर्षे’ असं लिहिलेलं होतं, त्यातल्या ‘बारा’वर एक आडवी रेघ, बाजूला ‘अकरा’, आणि अकराच्या शेजारी बारीक सही नि आजची तारीख.

“हे आत्ता केलंत?”

शालनबाईनं वाकून बघितलं. इतका वेळ न डगमगता बोललेली बाई, पण आता तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “आई गं! पुन्हा केली की!” ती म्हणाली आणि स्वतःच्याच उजव्या हातावर तिनं चापट मारली.

हसायचं नाही असं ठरवून बसलेली तिन्ही माणसं हसली. मुख्याध्यापक म्हणाले, “ह्याच्यापुढं आणखी पुरावा कशाला मागायचा? जा तुम्ही. निकाल कळेल.”

निकाल लगेच कळला नाही. पंधरा दिवस ती कंपनीत पहिल्यासारखी उभी राहिली, पण चहाच्या वेळी गोष्ट सांगायची नाही. बायांनीही विचारलं नाही. मेच्या शेवटाला यादी लागली तेव्हा मॅडमनीच फोनवर बघून सांगितलं: समज देऊन पेपर कायम केला. इतिहासात अडुसष्ट. इंग्रजीत बरोबर पस्तीस, म्हणजे कुणीतरी उचलून दिलेलं.

“सगळ्यात जास्त इतिहासात, शालनताई.”

“आसंल की. चार म्हैनं भिताडावर बसवला व्हता त्याला.”

पाच जूनला तिनं कागद दिला. मुलाखत दहा मिनिटांची झाली. साहेबांनी विचारलं, नव्या लाइनीवर फॉल्ट आला तर पहिलं काय कराल? ती म्हणाली, “जिच्या हातनं झाला तिला आधी पाणी देईन, मग इचारीन. घाबरलेलं मानूस खरं सांगत न्हाई.” चार दिवसांनी पिवळी टोपी मिळाली. टोपी तिच्या अंबाड्यावर बसेना. दोन पिना लावून तिनं ती ठोकून बसवली. पहिल्या दिवशी गणराज शेकहॅन्ड करायला आला आणि मधेच वाकून पाया पडला. तिनं त्याला पाठीत धपका घातला. “सरळ उभा ऱ्हा. कॅमेरे हायेत.”

लीडर झाल्यावर एक गोम निघाली. लीडर लोकांची मिटिंग दहा वाजता, नेमकी चहाच्या वेळी. शेडच्या मागं बाया बसतात आणि ही वर काचेच्या खोलीत आकडे ऐकत असते. पहिल्या आठवड्यातच केसरबाईनं वाटेत अडवलं.

“तू मोठी झालीस बाई, ब्येस झालं. पर आमचं क्युबाचं काय? तिथं रशियानं आणून ठिवलेत ते बॉम्ब, आन तू गेलीस वर. आमी काय जीव टांगून बसायचं?”

आता ती कंपनीच्या बसमध्ये सांगते. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरमागच्या सीटवर गुडघे टेकून, मागं तोंड करून. चाकणच्या तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकनं आजवर कुणाचं भलं केलं असेल, तर ह्या बायांचं. पाऊण पाऊण तास बस हलत नाही. कंटेनर पुढं, कंटेनर मागं, आणि आत क्युबाच्या समुद्रात अमेरिकेची जहाजं रशियाची वाट अडवून उभी. परवा सिग्नल लवकर सुटला, तर चाळीस बाया एकदम ओरडल्या.

“अहो ड्रायव्हरदादा, हळू! हळू घ्या की जरा!”